लिनक्स ड्रायव्हरमधले सस्पेंड-रिझ्युमचे बग: शोधायचे कसे आणि दुरुस्त करायचे कसे

रिझ्युम करताना, म्हणजे सस्पेंड होऊन झोपलेलं मशीन परत उठताना, ते अडकलं की नवा माणूस ताबडतोब ड्रायव्हरचं रिझ्युम फंक्शन उघडून बसतो. दोष मात्र बरेचदा सस्पेंडच्या फंक्शनमध्ये असतो. टायमर चालूच राहिलेला असतो, इंटरप्ट बंद केलेला नसतो, रजिस्टरमधल्या किमती जपून ठेवलेल्या नसतात. झोपण्याआधी जे आवरायचं राहिलं, तेच उठताना आडवं येतं. म्हणून इथला क्रम असा आहे: मशीन कोणत्या टप्प्यावर अडतं ते आधी ठरवायचं, कोणत्या ड्रायव्हरमुळे अडतं ते त्यानंतर, आणि कोड सगळ्यात शेवटी उघडायचा.

तुम्हाला सी येतं, कर्नल स्वतः कंपाइल केलेला आहे आणि एखादं छोटं मॉड्यूल लिहून पाहिलेलं आहे, एवढं गृहीत धरलं आहे. फंक्शनं, फाइली आणि आदेश यांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करायची. अधोरेषा आणि तिरक्या रेषा जिथे आहेत तिथेच ठेवायच्या.

आधी जमवायच्या गोष्टी

- रोजच्या कामाचं नसलेलं मशीन. या चाचण्यांत पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करायची वेळ वारंवार येते. प्रत्येक चाचणीआधी «सिंक» चालवा, म्हणजे मेमरीतला डेटा डिस्कवर उतरतो.
- शेजारी दुसरं मशीन, पिंग आणि एसएसएचसाठी. पडदा काळा आहे म्हणजे मशीन मेलं असं नाही. पिंगला उत्तर येत असेल किंवा कॅप्स लॉकचा दिवा दाबल्यावर बदलत असेल, तर मशीन जिवंत आहे आणि संशय फक्त ग्राफिक्सवर घ्यायचा.
- शक्य असेल तर सीरियल कन्सोल. डेव्हलपमेंट बोर्डासाठी यूएसबी-टीटीएल अडॅप्टर लागतो. टीएक्स, आरएक्स आणि ग्राउंड या तीनच तारा जोडायच्या, अडॅप्टरची व्हीसीसी पिन मोकळी ठेवायची. बहुतेक बोर्डांच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात, अडॅप्टर ५ व्होल्टवर राहिला तर चिप जळू शकते. वेग बहुधा ११५२००.
- स्वतः कंपाइल केलेला कर्नल, ज्यात कॉन्फिग_पीएम_डीबग, कॉन्फिग_पीएम_ॲडव्हान्स्ड_डीबग, कॉन्फिग_पीएम_स्लीप_डीबग आणि एक्स८६ असेल तर कॉन्फिग_पीएम_ट्रेस_आरटीसी चालू आहेत. कॉन्फिग_प्रूव्ह_लॉकिंग (लॉकच्या चुका पकडणारं लॉकडेप) आणि कासान (मेमरीच्या चुका पकडणारं) हेही चालू ठेवा. मशीन मंदावेल, पण अर्धे दोष हीच दोन साधनं बोट दाखवून सांगतात.
- कॉन्फिग_डीपीएम_वॉचडॉग. एखादा कॉलबॅक (कर्नल ठरल्या टप्प्यावर बोलावतो ते ड्रायव्हरचं फंक्शन) ठरलेल्या वेळेत परतला नाही तर हा वॉचडॉग कर्नलला पॅनिक करून थांबवतो आणि कोण अडलं ते लॉगमध्ये लिहितो. मेनूत हा पर्याय सापडला नाही तर आधी एक्सपर्ट आणि पीस्टोअर चालू करावे लागतात. मूळ मुदत १२० सेकंदांची आहे, तेवढं थांबायची तयारी ठेवा.
- रूट अधिकार आणि ठरलेल्या वेळी मशीन जागं करणारा «आरटीसीवेक» आदेश. तो यूटिल-लिनक्स पॅकेजात येतो, बहुतेक वितरणांत आधीच असतो.

१. सस्पेंडचा रस्ता डोक्यात बसवा

पायऱ्या अशा: यूजरस्पेसची कामं गोठवली जातात. मग प्रत्येक डिव्हाइससाठी प्रिपेअर, सस्पेंड, सस्पेंड_लेट आणि सस्पेंड_नोआयआरक्यू हे कॉलबॅक क्रमाने चालतात. त्यानंतर पहिला सोडून बाकीचे प्रोसेसर बंद होतात, मग सिसकोअर (सगळ्यात शेवटी थांबणारे गाभ्याचे भाग), आणि शेवटी ताबा फर्मवेअरकडे. उठताना हेच उलट: रिझ्युम_नोआयआरक्यू, रिझ्युम_अर्ली, रिझ्युम, कम्प्लीट.

दोन बारकावे आत्ताच लक्षात ठेवा. एक, प्रत्येक टप्पा आधी सगळ्या डिव्हाइसेससाठी पूर्ण होतो आणि मगच पुढचा सुरू होतो. एकाच डिव्हाइसचे चारही कॉलबॅक लागोपाठ चालत नाहीत. दोन, नोआयआरक्यू टप्प्याच्या आधी कर्नल डिव्हाइसेसचे इंटरप्ट हँडलर थांबवतो, आणि उठताना ते रिझ्युम_नोआयआरक्यू संपल्यावर परत चालू होतात. म्हणजे तुमचं रिझ्युम फंक्शन चालण्याआधीच तुमचा इंटरप्ट हँडलर चालू शकतो. यावरून होणारे घोटाळे पुढे सातव्या पायरीत आहेत.

२. मशीन कोणत्या प्रकारे झोपतं ते पाहा

«/सिस/पॉवर/मेम_स्लीप» ही फाइल वाचा. त्यात एस२आयडल, डीप असे शब्द दिसतील. चौकटी कंसातला प्रकार सध्या लागू आहे.

डीप म्हणजे जुना एस३: रॅम सोडून जवळपास सगळ्याची वीज जाते आणि उठताना आधी फर्मवेअर चालतं. एस२आयडलमध्ये प्रोसेसर फक्त निष्क्रिय होतात. डिव्हाइसेसना कमी विजेच्या अवस्थेत न्यायची जबाबदारी सर्वस्वी ड्रायव्हरांची असते. अलीकडच्या कित्येक लॅपटॉपांत एस३ नाहीच, त्यामुळे तिथे डीप हा शब्दही दिसत नाही.

दोन्ही प्रकार उपलब्ध असतील तर दोन्हीत चाचणी घ्या. फक्त डीपमध्ये बिघडतं तर डिव्हाइसची वीज गेली आणि ड्रायव्हरने त्याची अवस्था परत भरली नाही, हा पहिला संशय. फक्त एस२आयडलमध्ये तक्रार असेल तर ती बहुधा बॅटरी उतरण्याची किंवा नको तेव्हा जागं होण्याची असते.

३. लक्षण नेमकं लिहून काढा

«सस्पेंड चालत नाही» एवढ्यावर कुणालाच मदत करता येत नाही. पुढच्यांपैकी काय होतं ते ठरवा: मशीन झोपायला नकार देऊन लगेच परत येतं; झोपता झोपता अडकतं; झोपतं पण उठत नाही; उठतं पण एखादं डिव्हाइस मेलेलं असतं; किंवा झोपताच जागं होतं.

पहिला प्रकार सगळ्यात सोपा, कारण लॉग शाबूत असतो. सस्पेंड कॉलबॅकने चूक परत केली की कर्नल सगळं सस्पेंडच रद्द करतो आणि «फेल्ड टु सस्पेंड» असं डिव्हाइसच्या नावासकट लिहितो. नव्या कर्नलमध्ये «/सिस/पॉवर/सस्पेंड_स्टॅट्स» या डिरेक्टरीत शेवटचं अपयशी डिव्हाइस, पायरी आणि चुकीचा क्रमांक वेगवेगळ्या फाइलींत मिळतो. क्रमांक बोलके असतात: उणे १६ म्हणजे डिव्हाइस कामात, उणे ५ म्हणजे वाचता-लिहिता आलं नाही, उणे ११० म्हणजे वाट पाहून वेळ संपली. «फ्रीझिंग»ने सुरू होणाऱ्या ओळीत «फेल्ड» दिसलं तर गाडी अजून डिव्हाइसपर्यंत पोचलेलीच नाही. कुठलं तरी काम २० सेकंदांत गोठलं नाही, आणि त्याचा स्टॅक खालीच छापलेला असतो. नेटवर्कवरची फाइलसिस्टीम अडकली की हेच दिसतं.

४. लॉग बोलका करा

बूट करताना «नो_कन्सोल_सस्पेंड», «इनिटकॉल_डीबग» आणि «इग्नोअर_लॉगलेव्हल» हे पॅरामीटर द्या. चालू मशीनवर «/सिस/पॉवर/पीएम_प्रिंट_टाइम्स» आणि «/सिस/पॉवर/पीएम_डीबग_मेसेजेस» या फाइलींत १ लिहा. आता प्रत्येक कॉलबॅकसाठी लॉगमध्ये एक «कॉलिंग» ओळ आणि एक «रिटर्न्ड» ओळ येईल, किती मायक्रोसेकंद लागले त्यासकट. मशीन अडकलं तर ज्याची «कॉलिंग» आहे पण «रिटर्न्ड» नाही, तो पहिला संशयित.

पण संशयित एकच मिळेल असं नाही, कारण अनेक डिव्हाइसेसचे कॉलबॅक समांतर चालतात. म्हणून «/सिस/पॉवर/पीएम_असिंक» मध्ये ० लिहून तीच चाचणी पुन्हा घ्या. आता सगळं एका रांगेत चालेल. ही एक ओळ मला या सगळ्या साधनांत सर्वांत मोलाची वाटते, कारण तिचं उत्तर दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतं. बग तसाच राहिला तर लॉगमधलं शेवटचं नाव विश्वासार्ह. बग नाहीसा झाला तर दोष कुठल्याही एका कॉलबॅकमध्ये नाही, क्रमात आहे: एक डिव्हाइस दुसऱ्यावर अवलंबून आहे आणि कर्नलला ते माहीत नाही.

सापळे: नेटकन्सोलवर (नेटवर्कवरून लॉग पाठवणाऱ्या सोयीवर) विसंबू नका. नेटवर्क कार्डच झोपलं की तो गप्प होतो, आणि नेमक्या हव्या त्या ओळी जातात. «नो_कन्सोल_सस्पेंड» मुळेही काही बोर्डांवर नवाच अडथळा तयार होतो, कारण सीरियल पोर्टचं क्लॉक बंद झाल्यावरही कर्नल त्यावर लिहायला जातो. हा पॅरामीटर काढल्यावर मशीन नीट उठत असेल तर तुम्ही स्वतः तयार केलेल्या बगामागे लागला आहात.

५. पीएम_टेस्टची शिडी चढा

«/सिस/पॉवर/पीएम_टेस्ट» या फाइलीत पातळी लिहायची आणि मग «/सिस/पॉवर/स्टेट» मध्ये «मेम» लिहायचं. कर्नल तेवढ्या पातळीपर्यंत जातो, ५ सेकंद थांबतो आणि परततो. पातळ्या या क्रमाने चढा: फ्रीझर, डिव्हायसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोअर. प्रत्येक पातळीवर निदान दहा वेळा चालवा. एकदा यशस्वी झाली म्हणून पुढे गेलात तर दर चार फेऱ्यांत एकदा येणारा बग हातून निसटतो.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. डिव्हायसेस पातळीवर फक्त प्रिपेअर आणि सस्पेंड हे दोनच कॉलबॅक चालतात. लेट आणि नोआयआरक्यू हे टप्पे प्लॅटफॉर्म पातळीवर येतात. त्यामुळे «डिव्हायसेस पास, प्लॅटफॉर्म नापास» असा निकाल आला की लोक बायोसला दोष देऊन मोकळे होतात, आणि खरा दोषी एखाद्या ड्रायव्हरचा सस्पेंड_लेट किंवा सस्पेंड_नोआयआरक्यू असतो. बायोसचा विचार या दोन्ही टप्प्यांचा लॉग पाहिल्यानंतर.

दुसरं: या चाचणीत वीज खरोखर जात नाही. पाचही पातळ्या पास झाल्या आणि खऱ्या सस्पेंडमध्ये मात्र डिव्हाइस मेलं, तर रजिस्टर परत न भरल्याचा किंवा फर्मवेअरचा प्रश्न उरतो. एस२आयडलसाठी प्रोसेसर्स आणि कोअर या पातळ्या नाहीत. तिथे त्या निवडल्या तर कर्नल नकार देतो.

काम झाल्यावर फाइलीत «नन» लिहायला विसरू नका. नाहीतर मशीन दरवेळी ५ सेकंदांत जागं होईल आणि तुम्ही नसलेला बग शोधत बसाल.

६. ड्रायव्हर वेगळा काढा

डिव्हायसेस किंवा प्लॅटफॉर्म पातळी नापास असेल तर मॉड्यूल काढून पाहण्याइतका भरवशाचा उपाय नाही. «एलएसमॉड» ची यादी घ्या, निम्मी मॉड्यूलं «मॉडप्रोब -आर» ने काढा, चाचणी घ्या, उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग करा. कर्नलमध्येच बांधलेला ड्रायव्हर असेल तर सिसएफएसमधल्या (म्हणजे «/सिस» मधल्या) त्याच्या «अनबाइंड» फाइलीत डिव्हाइसचा पत्ता लिहून तो सोडवता येतो.

मशीन उठताना पूर्ण मरतं, सीरियल पोर्टही नाही, असा एक्स८६ लॅपटॉप असेल तर पीएम_ट्रेस वापरा. «/सिस/पॉवर/पीएम_ट्रेस» मध्ये १ लिहून सस्पेंड करा. कर्नल प्रत्येक पायरीची खूण मशीनच्या घड्याळात, म्हणजे आरटीसीत, लिहीत जातो, कारण वीज गेल्यावरही तेवढंच टिकतं. मशीन अडकलं की पॉवर बटणाने बंद करून लगेच, तीन मिनिटांच्या आत, तोच कर्नल बूट करा. घड्याळ पुढे सरकत राहतं आणि खूण बिघडत जाते. लॉगमध्ये «मॅजिक नंबर» आणि खाली «हॅश मॅचेस» शोधा. छोट्याशा हॅशमध्ये सगळं बसवलेलं असल्याने कधी दोन-तीन डिव्हाइसेस जुळतात, म्हणून चाचणी दोनदा करून दोन्ही वेळा आलेलं नाव धरा. यानंतर मशीनची तारीख भलतीच झालेली असते. ती दुरुस्त केल्याशिवाय कंपाइल करू नका, मेकला कुठली फाइल नवी ते कळत नाही, आणि ब्राउझर सगळी सर्टिफिकेटं नाकारतो.

जुन्या कर्नलवर हेच मशीन नीट उठत होतं अशी खात्री असेल, तरच गिट बायसेक्ट, म्हणजे कमिटांची यादी दर फेरीत निम्मी करत दोषी कमिट शोधणं. दहा हजार कमिट असतील तर साधारण १४ फेऱ्या. बग प्रत्येक वेळी येत नसेल तर एका कमिटला «चांगला» म्हणण्याआधी भरपूर फेऱ्या घ्या, कारण एक चुकीचं उत्तर पुढची सगळी मेहनत दुसऱ्याच दिशेला नेतं.

७. आता कोड उघडा

सुरुवात ड्रायव्हरच्या डेव्ह_पीएम_ऑप्स या रचनेपासून. ती ड्रायव्हरला जोडलेली आहे का हे आधी बघा. फंक्शनं लिहिलेली आहेत पण «.पीएम» मध्ये पत्ता दिलाच नाही, असा कोड खरोखर सापडतो. नुसते सस्पेंड आणि रिझ्युम भरले असतील तर हायबरनेशन (मेमरी डिस्कवर उतरवून मशीन पूर्ण बंद करणं) बिघडतं, कारण त्यासाठी फ्रीझ, थॉ, पॉवरऑफ आणि रिस्टोअर हे वेगळे कॉलबॅक आहेत. डिफाइन_सिम्पल_डेव्ह_पीएम_ऑप्स हा मॅक्रो सहाही जागा भरतो. तो कर्नल ५.१७ पासून आहे. सोबत पीएम_स्लीप_पीटीआर वापरलं की जुने इफडेफ काढून टाकता येतात.

*रजिस्टर परत न भरणं.* प्रोबमध्ये, म्हणजे डिव्हाइस सापडल्यावर पहिल्यांदा चालणाऱ्या फंक्शनमध्ये, हार्डवेअरची मांडणी होते आणि रिझ्युममध्ये फक्त क्लॉक चालू करून सोडून दिलेलं असतं. एस२आयडलमध्ये हे खपून जातं, डीपमध्ये नाही. प्रोबमधला हार्डवेअर सुरू करणारा भाग वेगळ्या फंक्शनमध्ये काढा आणि दोन्हीकडून तेच बोलवा. मात्र मेमरी मिळवणं, इंटरप्ट नोंदवणं ही कामं त्यात येऊ देऊ नका, ती एकदाच करायची असतात. ड्रायव्हर रेगमॅप (रजिस्टरच्या किमती कॅशमध्ये ठेवणारी कर्नलची सोय) वापरत असेल तर सस्पेंडमध्ये रेगकॅश_कॅश_ओन्ली चालू करून रेगकॅश_मार्क_डर्टी, आणि रिझ्युममध्ये वीज आल्यावर कॅश_ओन्ली बंद करून रेगकॅश_सिंक. मार्क_डर्टी विसरलात तर सिंक काहीच लिहीत नाही, कारण त्याच्या लेखी हार्डवेअर आणि कॅश अजून जुळलेले असतात.

*चालू राहिलेली कामं.* सस्पेंडमध्ये क्रम हा: आधी इंटरप्ट बंद, मग टायमर आणि वर्क (नंतर करायला रांगेत टाकलेलं काम) रद्द, मग हार्डवेअर थांबवणं, सगळ्यात शेवटी क्लॉक आणि वीज. इंटरप्ट आधी का, तर तोच नवं वर्क रांगेत टाकतो. वर्क आधी रद्द केलंत आणि नंतर इंटरप्ट आला तर ते पुन्हा उभं राहतं आणि बंद क्लॉकच्या रजिस्टरला हात लावतं. एक्स८६ वर अशा वाचनाला बहुधा सगळे एक, म्हणजे ०एक्सएफएफएफएफएफएफएफएफ, मिळतात. कित्येक आर्म चिपांवर अख्खी बसच अडकते आणि मशीन एक शब्दही न बोलता थांबतं. रद्द करताना «_सिंक» असलेली फंक्शनंच वापरा, म्हणजे चालू असलेलं वर्क संपेपर्यंत थांबता येतं. पण जो म्युटेक्स ते वर्क घेतं तोच हातात धरून कॅन्सल_वर्क_सिंक बोलावलंत तर दोघंही कायमचे एकमेकांची वाट पाहतात. लॉकडेप हे आधीच ओरडून सांगतं.

*सामायिक इंटरप्ट.* लाइन दुसऱ्या डिव्हाइससोबत वाटलेली असेल तर त्याच्या इंटरप्टला तुमचा हँडलरही बोलावला जातो, तुमचं डिव्हाइस झोपलेलं असलं तरी. स्टेटस रजिस्टरमध्ये सगळे एक दिसले तर आयआरक्यू_नन परत करा. तसं न केल्यास हँडलरला सगळे बिट लागलेले वाटतात आणि तो प्रत्येक चुकीची दुरुस्ती करत सुटतो.

*आयटूसीवरची टचस्क्रीन किंवा सेन्सर.* लॉगमध्ये «ट्रान्सफर व्हाइल सस्पेंडेड» दिसलं की समजा, हँडलर जागा झाला पण त्याचा आयटूसी (छोटी डिव्हाइसेस जोडणारी बस) कंट्रोलर अजून झोपलेला आहे. पहिल्या पायरीतला बारकावा तो हाच. डिव्हाइसने मशीन जागं करायचं नसेल तर सस्पेंडमध्ये डिसेबल_आयआरक्यू आणि रिझ्युममध्ये एनेबल_आयआरक्यू एवढं पुरतं. जागं करायचं असेल तर डिव्हाइस_मे_वेकअप तपासून एनेबल_आयआरक्यू_वेक वापरा, आणि कंट्रोलरचे कॉलबॅक नोआयआरक्यू टप्प्यात न्यावे लागतात का ते पाहा. आयआरक्यूएफ_नो_सस्पेंड हा झेंडा यासाठी नाही. तो लावल्याने लक्षण कधी लपतं, पण झोपेच्या मधोमध हँडलर चालायची वाट मोकळी होते. असा पॅच दिसला तर मी तो नाकारेन.

*रनटाइम पीएमशी टक्कर.* रनटाइम पीएम म्हणजे मशीन चालू असतानाच वापरात नसलेलं एकेक डिव्हाइस झोपवणं. सस्पेंड कॉलबॅक चालतो तेव्हा डिव्हाइस रिकामं असल्यामुळे आधीच रनटाइम सस्पेंडमध्ये असू शकतं. अशा वेळी थेट रजिस्टर वाचलं तर मघाचाच अपघात, आणि क्लॉक पुन्हा बंद केलं तर «ऑलरेडी डिसेबल्ड» असा इशारा. दोन्ही प्रकारच्या सस्पेंडमध्ये काम सारखंच असेल तर पीएम_रनटाइम_फोर्स_सस्पेंड आणि फोर्स_रिझ्युम ही जोडी वापरा. वेगळं काम असेल तर आधी पीएम_रनटाइम_रिझ्युम_अँड_गेट. जुनं गेट_सिंक अपयशी झालं तरी मोजणी वाढवूनच ठेवतं, आणि मग डिव्हाइस पुन्हा कधी झोपतच नाही. लेट टप्प्यापासून कर्नल रनटाइम पीएम बंद करतो. तिथून पुढे झोपलेल्या डिव्हाइसवर या फंक्शनांनी उणे १३ परत केलं तर ते परवानगीचं प्रकरण नाही, चुकीच्या टप्प्यात बोलावल्याचं आहे.

*अर्धवट अपयश.* तुमच्या सस्पेंडने चूक परत केली तर त्या डिव्हाइससाठी रिझ्युम बोलावलंच जात नाही. तुम्ही बंद केलेला इंटरप्ट बंदच राहतो. चूक परत करण्याआधी तोवर केलेलं सगळं उलट करा. या वाटेची चाचणी क्वचितच कुणी घेतं. सस्पेंडच्या शेवटी मुद्दाम उणे १६ परत करून एकदा चालवा आणि डिव्हाइस अजून चालतं का बघा.

*फर्मवेअर.* रिझ्युममध्ये डिस्कवरून फर्मवेअर फाइल मागणं धोक्याचं, कारण डिस्क अजून उठलेली नसू शकते. रिक्वेस्ट_फर्मवेअरने आधी मागितलेल्या फाइली कर्नल सस्पेंडच्या आधी मेमरीत आणून ठेवतो. पण फाइल पहिल्यांदाच रिझ्युममध्ये मागितली तर ही सोय लागू होत नाही. लहान फर्मवेअर ड्रायव्हरनेच मेमरीत राखून ठेवावं.

*पीसीआय आणि यूएसबी.* पीसीआय ड्रायव्हरमध्ये पीसीआय_सेव्ह_स्टेट, पीसीआय_सेट_पॉवर_स्टेट दिसले तर तो जुना नमुना. आता ते काम पीसीआय कोअर करतो, ड्रायव्हरने फक्त आपलं हार्डवेअर थांबवायचं. यूएसबीमध्ये रिसेट_रिझ्युम नसेल तर झोपेत वीज गेल्यावर कोअर ड्रायव्हर सोडवून परत जोडतो, आणि वापरणाऱ्याला डिव्हाइस गायब होऊन नव्याने आल्यासारखं दिसतं.

८. क्रमाचा दोष असेल तर

पीएम_असिंक बंद केल्यावर बग गेला होता, त्या प्रकरणाकडे परत या. मुलं आधी झोपतात, पालक नंतर, एवढं कर्नलला डिव्हाइसच्या झाडावरून कळतं. पण झाडाबाहेरचं नातं, उदाहरणार्थ डिस्प्ले ज्या दुसऱ्याच बसवरच्या चिपकडून वीज घेतो ते, आपोआप नेहमीच कळत नाही. प्रोबमध्ये डिव्हाइस_लिंक_ॲड वापरून वापरणारा कोण, पुरवणारा कोण ते सांगा. मग दोन्ही दिशांना क्रम पाळला जातो. पीएम_असिंक कायमचं बंद ठेवणं किंवा रिझ्युममध्ये एमस्लीप (ठरावीक वेळ नुसतं थांबणं) टाकणं हा उपाय नाही. डेटाशीटमध्ये वीज आल्यावर १० मिलिसेकंद थांबा असं लिहिलं असेल तर ती गोष्ट वेगळी, आणि तसं कॉमेंटमध्ये लिहावं.

९. लगेच जागं होत असेल तर

जागं झाल्यावर «/सिस/पॉवर/पीएम_वेकअप_आयआरक्यू» वाचा आणि मिळालेला क्रमांक «/प्रॉक/इंटरप्ट्स» मध्ये शोधा. डीबगएफएसमधली (म्हणजे «/सिस/कर्नल/डीबग» खालची) «वेकअप_सोर्सेस» ही यादी चाचणीआधी आणि नंतर घेऊन मोजणी कुणाची वाढली ते पाहा. लॅपटॉपवर «/प्रॉक/एसीपीआय/वेकअप» मध्ये डिव्हाइसचं नाव लिहून तात्पुरतं बंद करता येतं. ही सोय निदानासाठी. ड्रायव्हरमधला दोष बहुधा असा असतो की सस्पेंडमध्ये इंटरप्टचं प्रलंबित स्टेटस पुसलं गेलेलं नसतं, किंवा वेकअपची परवानगी न विचारता एनेबल_आयआरक्यू_वेक केलेलं असतं.

एस२आयडलमध्ये बॅटरी उतरत असेल तर इंटेलवर डीबगएफएसमधल्या पीएमसी_कोअरखालची «एसएलपी_एस०_रेसिडेन्सी_यूसेक» ही किंमत सस्पेंडआधी आणि नंतर वाचा. ती वाढली नाही तर चिप खोल झोपेत गेलेलीच नाही, कुणीतरी तिला जागं धरून आहे. पुन्हा सहाव्या पायरीसारखं एकेक मॉड्यूल काढून पाहायचं.

१०. दुरुस्ती झाली असं कधी म्हणायचं

«आरटीसीवेक -एम मेम -एस २०», मग १० सेकंद थांबा, हे शेल लूपमध्ये १०० वेळा. प्रत्येक फेरीनंतर डिव्हाइस खरोखर काम करतं का ते आदेशानेच तपासा: नेटवर्क असेल तर पिंग, डिस्क असेल तर फाइल वाचून चेकसम. जागरणाची वेळ ५ सेकंदांइतकी कमी ठेवू नका. मशीन पूर्ण झोपण्याआधीच गजर वाजला तर सस्पेंड रद्द होतं किंवा मशीन झोपून राहतं, आणि दोष तुमच्या पॅचवर येतो. आरटीसी स्थानिक वेळेवर असेल तर आरटीसीवेकला «-एल» द्यावं लागतं.

याशिवाय चार वेगळ्या परिस्थिती घ्या: डिव्हाइसवर डेटा चालू असताना, डिव्हाइस रनटाइम सस्पेंडमध्ये असताना, यूएसबीचं असेल तर झोपेत काढून टाकून, आणि हायबरनेशन. कासान आणि लॉकडेप चालू असलेल्या कर्नलवर निदान एक फेरी झालीच पाहिजे.

११. पॅच पाठवताना

वर्णनात आधी लक्षण, मग कारण, मग उपाय. कोणत्या हार्डवेअरवर, डीपमध्ये की एस२आयडलमध्ये, किती फेऱ्या चालवल्या, हे लिहा. लॉगमधल्या कामाच्या चार-पाच ओळी जोडा, सगळा लॉग नको. दोष ज्या कमिटने आला त्याच्या हॅशची पहिली १२ अक्षरं «फिक्सेस» ओळीत द्या. जुन्या कर्नलमध्येही हवा असेल तर स्टेबलची सीसी ओळ जोडा, आणि शेवटी स्वतःची साइन्ड-ऑफ-बाय. «चेकपॅच» चालवा, कुणाला पाठवायचं ते «गेट_मेंटेनर» सांगेल. रजिस्टर परत भरण्याचा, इंटरप्टच्या क्रमाचा आणि जुना मॅक्रो बदलण्याचा असे तीन बदल असतील तर तीन वेगळे पॅच करा, दुरुस्त्या आधी आणि साफसफाई नंतर, म्हणजे स्टेबल शाखेत फक्त दुरुस्त्या उचलता येतात.